माडीवरच्या तसबिरीतला माणूस वकील की डॉक्टर?

माशेलची_मुलगी:
नमस्कार मंडळी, पोस्ट लांबणार आहे, आधीच सांगते. गोव्यातल्या आमच्या मूळ घरात माडीवर एक जुनी तसबीर आहे, फोटो नव्हे, ऑइल पेंटिंग, साधारण अडीच फूट उंच आणि दोन फूट रुंद, फ्रेम बहुतेक शिसवीची. लहानपणापासून बघत आलोय पण खाली कुणी कधी काढली नव्हती. ह्या चवथीच्या आधी घराला रंग द्यायचा म्हणून उतरवली आणि तिथून सगळी गंमत सुरू झाली.

चित्रात चाळिशीचा एक माणूस खुर्चीत बसलाय. लाल पगडी, गळ्यापर्यंत बटणं लावलेला काळा कोट, खांद्यावर जरीकाठी उपरणं, खिशातून लोंबणारी घड्याळाची साखळी, मिशा काळ्याभोर. डावा हात टेबलावर. टेबलावर दोन जाडी पुस्तकं, दौत, आणि एक वीतभर लाकडी नळी, तिचं एक टोक चपट्या चकतीचं आणि दुसरं भोंग्यासारखं पसरट. आम्ही पोरं तिला आजोबांची पुंगी म्हणायचो. मागे तांबडा पडदा आणि अर्धा खांब. सही कुठंच नाही, सालही नाही.

आता भांडण काय, तर त्या पिढीत दोघे भाऊ होते. थोरले वकील, पोर्तुगीज कोर्टात प्रॅक्टिस करायचे. धाकटे मुंबईला जाऊन डॉक्टर होऊन आले. दोघंही साठी ओलांडून गेले आणि दोघांनीही मुरगावची रेल्वे काही बघितली नाही, एवढं घरात सगळे एकमताने सांगतात (एकमत होतं असा हा एकच मुद्दा). आजीपासून सगळे म्हणत आलेत की चित्र वकिलांचं. यंदा मडगावचे काका माटोळी (गणपतीवरची फळाफुलांची मांडणी) बांधता बांधता म्हणाले की छे, हे धाकटे, डॉक्टर. झालं, दोन पार्ट्या पडल्या. वकील पार्टीचं म्हणणं की पुस्तकं कायद्याची आहेत आणि ती पुंगी म्हणजे दस्तऐवज गुंडाळून ठेवायचं नळकांडं. डॉक्टर पार्टीकडे पुरावा काही नाही, आवाज मोठा आहे.

तर माझे प्रश्न. हा माणूस कोण हे कसं ठरवायचं? चित्र कुणी काढलं असेल, एक मावसभाऊ तर सरळ रवी वर्मा म्हणतोय. खालच्या कोपऱ्यात रंगाचे पोपडे उठलेत आणि डाव्या बाजूला पांढरी बुरशी दिसते, ते कशाने पुसायचं, मामी बटाटा कापून घासायला निघाली होती, तिला कसंबसं थांबवलंय. आणि शेवटचं म्हणजे लंडनचा चुलतभाऊ म्हणतो की तुम्हाला सांभाळता येत नाही तर मी कॅनव्हास गुंडाळून नळीत घालून घेऊन जातो. मला ते पटत नाही पण का पटत नाही ते त्याला नीट सांगता येत नाहीये.

बाबूश७७:
शंभर टक्के रवी वर्मा!! पडदा, खांब, जरीचं काम, सगळं तेच. विकू नका, कोटीत जाईल. फोटो टाका ना जरा.

पाठमोरा:
बाबूश, घाई नको बाबा. पडदा आणि खांब रवी वर्माचे नव्हेत, ते त्या काळातल्या प्रत्येक फोटो स्टुडिओचे. १८५४ मध्ये पॅरिसला दिस्देरीने छोट्या व्हिजिटिंग कार्डाएवढ्या फोटोंचं पेटंट घेतलं आणि पुढच्या दहा वर्षांत ते खूळ जगभर पसरलं. गिऱ्हाईक खुर्चीत, बाजूला टेबल, टेबलावर पुस्तक, मागे पडदा आणि लाकडाचा पोकळ खांब. मुंबईतही हेच आणि पणजीतही हेच. अशी मांडणी चित्रात दिसली की मला आधी शंका येते ती ही की हे चित्र माणूस समोर बसवून काढलेलं नाही, फोटोवरून काढलंय.

रवी वर्मा १८४८ चा, किळिमानूरचा. त्याच्या पोर्ट्रेटमध्ये राजेराजवाडे, दिवाण, बडे अधिकारी असायचे, आणि तो सही करायचा. सही नाही, घरात पैसे दिल्याची नोंद नाही, पत्र नाही, तर ते नाव घ्यायचंच कशाला. आपल्याकडे माडीवर पगडीवाला दिसला की रवी वर्मा आणि चर्चमध्ये काळपट चित्र दिसलं की इटलीहून आलेलं, ही सवय काही जात नाही.

आता कोणीतरी त्रिंदादचं नाव काढेल, म्हणून तेही सांगून टाकतो. आंतोनियो शावियेर त्रिंदाद आपला सांग्याचा, जन्म १८७०, मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकला, तिथंच शिकवलं, १९३५ ला गेला. माणसाचा चेहरा रंगवावा तर त्याने. पण चित्र १८८० च्या दशकातलं निघालं तर तेव्हा तो शाळकरी पोर होता. ज्यांना तुलना करायचीये त्यांनी पणजीत फोंताइन्हासला फुंदासाव ओरिएंत ह्या संस्थेत त्याचा संग्रह आहे तो जाऊन बघावा, कातडीचा रंग कसा बांधतो ते जवळ उभं राहून बघा, फोटोत कळत नाही.

जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ ला सुरू झालं. तिथून शिकून बाहेर पडलेली कित्येक मुलं घराघरातली पोर्ट्रेटं फोटोवरून करून पोट भरायची. पेस्तनजी बोमनजी, धुरंधर ही त्यातली नाव झालेली माणसं, बाकीच्यांची नावं कुणाला माहीत नाहीत. तुमचं चित्र अशाच कुणाचं तरी असेल, आणि त्यात कमीपणा काही नाही. खरं सांगू, चित्रकार शोधायच्या नादाला आत्ता लागूच नका. चित्रातला माणूस कोण हे शोधा, ते शोधता येण्यासारखं आहे.

मला पुढून नको, मागून फोटो द्या. कॅनव्हासची मागची बाजू, चारही कडा, लाकडी चौकट, खिळे, चिकटवलेले कागद, काही म्हणजे काही पुसू नका. आणि एक फोटो अंधाऱ्या खोलीत टॉर्च अगदी कडेने तिरका मारून, म्हणजे पोपडे किती उठलेत ते दिसेल. मामींना सांगा की बटाटा भाजीत घाला. बटाटा, कांदा, पाव, लिंबू, खोबरेल, थुंकी, ह्यातलं काहीही चित्राला लागता कामा नये. बटाट्याचा स्टार्च भेगेत जाऊन बसतो आणि पुढच्या पावसात बुरशीला आयतं जेवण.

माशेलची_मुलगी:
बापरे, एवढं सगळं! मागचे फोटो काढले. मागे कॅनव्हासवर काळ्या शाईचा शिक्का आहे, अर्धा गेलाय. 'विन्सर अँड न्यूटन' स्पष्ट वाचता येतं, त्याच्या पुढे 'लिमि' एवढं दिसतं आणि मग डाग. खालच्या ओळीत 'रॅथबोन' आणि पुढचं गेलंय. चौकटीच्या कोपऱ्यात लाकडाच्या छोट्या पाचरी ठोकलेल्या आहेत. खिळे सगळे गंजलेत, गंज कॅनव्हासमध्ये उतरलाय. वरच्या पट्टीवर एक कागद चिकटवलेला होता तो कसरीने खाल्लाय, अक्षर म्हणून एक शिल्लक नाही. आणि हसू नका, मधोमध मागून ल्यूकोप्लास्टची, म्हणजे जखमेच्या बँडेजवर लावतात ती, पट्टी चिकटवलेली आहे. कुणी चिकटवली घरात कुणालाच ठाऊक नाही. ह्यावरून डॉक्टर पार्टी म्हणते की बघा, डॉक्टरांच्याच घरातली.

पाठमोरा:
ल्यूकोप्लास्टचा पुरावा मान्य, हाहा.

पण तुमचं खरं घबाड त्या 'लिमि' मध्ये आहे. विन्सर अँड न्यूटन ही लंडनची रंग आणि कॅनव्हास विकणारी कंपनी १८३२ ची, दुकान रॅथबोन प्लेसला. ती लिमिटेड झाली १८८२ ला. शिक्क्यात लिमिटेड आहे म्हणजे कॅनव्हास १८८२ च्या आधीचा असूच शकत नाही. लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीच्या साइटवर अशा शिक्क्यांचे नमुने सालवार दिलेत, त्यात तुमच्या शिक्क्याचा नेमका आकार आणि अक्षरांची वळणं शोधा, साल आणखी आवळता येईल.

आता गणित बघा. आपल्याकडे मुरगावची रेल्वे सुरू झाली १८८७-८८ ला. तुम्ही म्हणता दोघेही भाऊ त्याआधी गेले, साठी ओलांडून. म्हणजे हा कॅनव्हास विकत घेतला तेव्हा ते एकतर म्हातारे होते नाहीतर वारले होते. आणि चित्रात काय, तर चाळिशी आणि काळ्याभोर मिशा. म्हणजे समोर बसवून काढलेलं नाहीच. १८६० च्या आसपासचा, वीसेक वर्षं जुना फोटो कुणीतरी चित्रकाराला दिला आणि हा मोठा करून रंगवून दे म्हणून सांगितलं. बहुधा मुलांनी, वडील गेल्यावर. रंग अर्थातच फोटोत नव्हते, तेव्हा पगडीचा लाल आणि पडद्याचा तांबडा हे कुणीतरी तोंडी सांगितलेले किंवा चित्रकाराने मनाने घातलेले. त्या दोन्हींवरून कुठलाही निष्कर्ष काढू नका.

तुम्ही पुढून जो फोटो टाकलाय त्यात आणखी एक गोष्ट दिसते. चेहऱ्यावर उजेड उजवीकडून आहे, नाकाची सावली डाव्या गालावर. पण टेबलावरच्या दौतीची सावली उलट बाजूला पडलीये. हात पण बघा, चेहरा जिवंत आहे आणि हात मात्र लाकडी. म्हणजे फोटो छातीपर्यंतचाच असावा आणि टेबल, हात, पुस्तकं, ती नळी हे सगळं नंतर जुळवलेलं. आता जुळवताना नळी कुणी उगाच घालत नाही. घरच्यांनी सांगितलं असणार, ही घाला, ह्यावरून लोक ओळखतील. म्हणजे सगळा खटला त्या नळीवर येऊन थांबतो. ती काय आहे ते मला नाही सांगता येत, इथं कुणी डॉक्टर आहेत का?

डॉ_केपेंकार:
आहे की, रिटायर्ड. फोटो मोठा करून बघितला आणि बायकोला हाक मारली.

ती नळी म्हणजे स्टेथोस्कोप आहे. आजची कानात दोन नळ्या घालायची नव्हे, त्याच्या आधीची, एका कानाची, लाकडी. १८१६ मध्ये पॅरिसला लाएनेक नावाच्या डॉक्टराने एका तरुण बाईची छाती तपासताना संकोच नको म्हणून कागदाची सुरळी करून कानाला लावली आणि त्याला ठोके जास्तच स्पष्ट ऐकू आले. मग त्याने लाकडाची केली. पुढे तिची लांबी कमी होत गेली, वीतभर झाली. भोंग्याची बाजू रोग्याच्या छातीवर, चपटी चकती डॉक्टराच्या कानाला. त्या चकतीवर कडेने पांढरट रेघ दिसतेय का बघा, बऱ्याचदा कानाकडची चकती हस्तिदंताची असायची. दोन कानांचा स्टेथोस्कोप १८५० च्या दशकात निघाला तरी जुने डॉक्टर लाकडीच वापरत राहिले, शतक संपेपर्यंत. आणि तो अगदी गेला असं पण नाही, पोटातल्या बाळाचे ठोके ऐकायला तशाच आकाराची नळी आमच्या काळातल्या सुईणी वापरायच्या, आम्ही स्वतः वापरलीये.

दस्तऐवज ठेवायचं नळकांडं म्हणाल तर त्याला टोपण लागतं आणि भोंगा लागत नाही. तेव्हा वकील पार्टीला माझा सप्रेम नमस्कार.

आता धाकट्या आजोबांविषयी. त्या काळी आपल्या हिंदू घरातल्या मुलाने डॉक्टर व्हायचं म्हणजे दोन वाटा. एक पणजीची एस्कोला मेडिका, १८४२ ची. दुसरी मुंबईचं ग्रँट मेडिकल कॉलेज, १८४५ चं. पणजीला शिकायचं तर पोर्तुगीज पक्की हवी, तिथं शिकलेल्यांना खुद्द पोर्तुगालात प्रॅक्टिस करायची तर परत परीक्षा द्यावी लागायची. मुंबईला इंग्रजी. पेडण्याकडच्या, सावंतवाडीशी सोयरीक असलेल्या घरांना मुंबई जवळची वाटायची. मांद्र्याचे भाऊ दाजी लाड हे त्याचं सगळ्यात मोठं उदाहरण. ग्रँट मेडिकलची पहिली तुकडी १८५१ ला बाहेर पडली, त्यात भाऊ दाजी, आत्माराम पांडुरंग, आणि गोव्याकडची ख्रिस्ती मुलंही होती. ह्या लोकांच्या नावापुढे जी. जी. एम. सी. लागायचं, ग्रँट मेडिकल कॉलेजचा ग्रॅज्युएट. भाऊ दाजींचे धाकटे भाऊ नारायण दाजी हे पण डॉक्टर आणि त्यांना फोटोग्राफीचा भारी नाद, १८५४ ला मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली त्या मंडळींतले. म्हणजे त्या पिढीच्या मुंबईच्या डॉक्टरचा १८६० च्या आसपासचा फोटो असणं ह्यात आश्चर्य काहीच नाही, उलट पाठमोरा साहेबांच्या गणिताशी ते छान जुळतं. गावात राहिलेल्या वकील भावाचा फोटो तेवढ्या लवकर निघाला असेल का, हा प्रश्न तुम्ही तुमच्या मोठ्या पार्टीला विचारा.

एक विनंती, पुस्तकाच्या पाठीवर सोनेरी अक्षरांसारखे ठिपके दिसतात, तिथला क्लोजअप मिळेल का? चित्रकाराने खरंच अक्षरं काढलीत की नुसते ठिपके मारलेत ते बघायचंय.

माशेलची_मुलगी:
डॉक्टरसाहेब, तुमची पोस्ट फॅमिली ग्रुपवर टाकली आणि तिथं जी शांतता पसरली ती चवथीच्या पाच दिवसांत पसरली नव्हती. मडगावच्या काकांनी फक्त एक अंगठा टाकला. थोरल्या आत्याने मात्र लिहिलंय की वकिलांना दम्याचा त्रास होता, तेव्हा डॉक्टरांची नळी त्यांच्या टेबलावर असू शकते. पुस्तकावर अक्षरं नाहीत, ठिपकेच आहेत. चकतीवर पांढरी रेघ आहे!

डॉ_केपेंकार:
आत्याबाईंना साष्टांग. दम्याचा पेशंट स्टेथोस्कोप पुढ्यात ठेवून पोर्ट्रेट करून घेतो, असा पेशंट मला आयुष्यात भेटला नाही.

मोडीवाली:
चित्राने जेवढं सांगायचं तेवढं सांगितलं, आता कागदाकडे या. आत्याबाई चित्राने गप्प बसणार नाहीत, कागदाने बसतील.

पहिलं, सरकारी गॅझेट, म्हणजे बोलेतिं दु गोव्हेर्नु, १८३७ पासूनचं. नेमणुका, सरकारी डॉक्टर कुठल्या तालुक्यात गेला, लस टोचायला कुणाला पाठवलं, कुणाला वकिलीचा परवाना मिळाला, असलं सगळं त्यात येतं. पणजीत पाट्टोच्या सेंट्रल लायब्ररीत विचारा. नाव पोर्तुगीज वळणाने लिहिलेलं असणार, तेव्हा आडनावावर विसंबू नका, गाव आणि बापाचं नाव धरून शोधा. थोरले बहुतेक प्रोव्हिजनारियो असतील, म्हणजे पोर्तुगालच्या कोइंब्रा युनिव्हर्सिटीची डिग्री नसलेले पण परवाना घेऊन वकिली करणारे, आपल्याकडे तेच जास्त होते.

दुसरं, ग्रँट मेडिकलचे वार्षिक अहवाल आणि मुंबई युनिव्हर्सिटीची कॅलेंडरं, दोन्हींत पास झालेल्यांच्या याद्या छापायचे. स्कॅन नेटवर मिळतात. नुसतं 'मुंबईला शिकले' म्हणून सांगणाऱ्या घरांत निम्म्या वेळा माणूस शिकायला गेलेला असतो पण पास झालेला नसतो, त्यामुळे यादीत नाव नाही मिळालं तर लगेच निराश होऊ नका, हॉस्पिटलात हाताखाली काम करणारे पण गावात डॉक्टरच म्हणवले जायचे.

तिसरं आणि माझ्या मते सगळ्यात कामाचं, घरातल्या पेट्या. मोडीतले रुमाल, म्हणजे कापडात बांधलेली कागदांची बाडं, असतील तर ते वहीच्या कागदाने पुसू नका, उन्हात घालू नका, फोटो काढून ठेवा. खर्डे आणि जमाखर्चाच्या वह्या असतील तर १८८२ च्या पुढच्या आधी बघा. अडीच फुटाचं तैलचित्र फुकट होत नाही, कुठंतरी 'तसबिरीबद्दल' म्हणून रक्कम पडलेली असणार. तशी एक ओळ सापडली की चित्रकाराचं नाव पण बहुतेक तिथंच सापडेल, कारण वहीत पैसे कुणाला दिले ते लिहिल्याशिवाय आपली माणसं झोपायची नाहीत.

नोटरीची_नात:
मोडीवालीताईंच्या यादीत मी एक घालते, इन्व्हेंतार. आपल्याकडे १८६७ चा पोर्तुगीज दिवाणी कायदा लागू झाल्यावर माणूस गेला आणि वारस अज्ञान (अल्पवयीन) असले की कोर्टातून मालमत्तेची यादी व्हायचीच, वाटणीवरून वाजलं तरी व्हायची. त्यात नुसती भाटं (बागायती) आणि शेतं नसतात, भांडीकुंडी, दागिने, पेट्या, आरसे, तसबिरी, सगळं किंमत लावून लिहितात. माझ्या आजोबांच्या ऑफिसात असली बाडं बघत मी मोठी झाले. कारकून एरवी कितीही रटाळ असो, चित्र कुणाचं ते ओळखीचं असेल तर लिहून ठेवायचा. दोन्ही आजोबांच्या वारसांच्या इन्व्हेंताराचा नंबर घरच्या जमिनीच्या कागदात कुठंतरी असणारच, तिथून शोधा.

आता लंडनचा भाऊ. त्याला हे असंच्या असं वाचून दाखव. १९७२ चा पुराणवस्तू आणि कलानिधी कायदा आहे, अंमल १९७६ पासून. शंभर वर्षांहून जुनं चित्र म्हणजे पुराणवस्तू. खाजगी माणसाला ते देशाबाहेर नेता येत नाही, भेट म्हणून नाही, वारसा म्हणून नाही आणि सुटकेसमधून तर अजिबात नाही. पकडलं तर कमीत कमी सहा महिने आणि तीन वर्षांपर्यंत कैद, वर दंड. पोर्तुगीज पासपोर्ट असला म्हणून सूट नाही. कॅनव्हासवरची चित्रं नोंदणीच्या यादीत येतात, तेव्हा भारतीय पुरातत्त्व खात्याच्या नोंदणी अधिकाऱ्याकडे अर्ज करून नोंद करून घ्या, फोटो लागतात. नोंद केली म्हणून सरकार उचलून नेतं अशी एक भीती घराघरात असते, तसं होत नाही, चित्र तुमच्याच घरात राहतं, फक्त हात बदलला तर कळवावं लागतं.

पाठमोरा:
कायद्याचं झालं, आता गुंडाळण्याचं. दीडशे वर्षांच्या आसपासचा ऑइलचा थर काचेसारखा कडक झालेला असतो. तो नळीत गुंडाळला की आडव्या भेगा पडतात आणि लंडनला उलगडताना अर्धा चेहरा नळीच्या तळाशी. चुलतभावाला चांगला स्कॅन करून पाठवा, तो तिकडे कॅनव्हासवर छापून घेऊ दे, हौस पुरेल.

साफसफाईबद्दल. पोपडे उठलेत तो कोपरा सोडून बाकी भागावर मऊ कोरड्या ब्रशने वरची धूळ काढता येईल, त्याहून पुढे तुम्ही काही करायचं नाही. बुरशी कोरडी असेल तर घराबाहेर, मास्क लावून, मागून हलक्या हाताने. ओलं कापड नाही. चित्र आत्ता आडवं ठेवा, रंगाची बाजू वर, म्हणजे पोपडे गळणार नाहीत. पोपडे गळलेच तर फेकू नका, कागदाच्या पाकिटात घालून त्यावर कुठल्या भागातले ते लिहा.

आणि कृपा करून गावच्या पेंटरला देऊ नका. आमच्याच नात्यात एक बाई आहेत, त्यांच्या सासऱ्यांचं असंच पोर्ट्रेट होतं, देवळात देवादिकांची चित्रं काढणाऱ्या एका गृहस्थांनी 'उजळून' दिलं. गाल गुलाबी, ओठ लाल, डोळ्यात काजळ. सासरे होते कस्टममध्ये, दिसतात दशावतारातले इंद्र. वरचा रंग काढायला आता जो खर्च येतोय त्यात नवीन पोर्ट्रेट झालं असतं. हे काही आजचं दुखणं नाही. जुन्या गोव्यात पुरातत्त्व म्युझियममध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयांची चित्रं लावलीत ना, सुरुवात १५४७ ला गव्हर्नर दों जुवांव द कास्त्रोने केली, इतिहासकार गास्पार कोर्रेयाला हाताशी धरून. त्यांवर शतकानुशतकं ज्याला वाटेल त्याने रंग चढवलाय. समोर उभे राहा आणि दाढ्या बघा, काही दाढ्या तर माणसाच्या वयाच्या पण नाहीत.

काम करून घ्यायचंच तर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज म्युझियमचं कला संवर्धन केंद्र आहे, ते बाहेरची कामं घेतात. लखनौची राष्ट्रीय संवर्धन प्रयोगशाळा सल्ला देते. जुना वारसा जपणाऱ्या इनटॅक संस्थेच्या गोवा शाखेला विचारलं तर जवळचा माणूस सांगतील. कुणीही असो, काम सुरू करायच्या आधी लेखी रिपोर्ट आणि फोटो मागा, आणि रंग भरायची सगळ्यात आधी भाषा करणाऱ्याला चहा देऊन परत पाठवा.

परत लावताना पावसाकडच्या बाहेरच्या भिंतीवर लावू नका. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि चिऱ्याची भिंत तो सगळा पिऊन बसते. आतल्या भिंतीवर, आणि फ्रेमच्या मागच्या खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवा म्हणजे मागून वारा फिरेल. मागे प्लास्टिक लावणं तर पापच. देवघराजवळ नको, समईची काजळी आणि धूप चित्रावर बसतो, तुमचा पडदा जो एवढा काळपट दिसतोय तो अर्धा धुपानेच.

बाबूश७७:
म्हणजे रवी वर्मा नाही?

पाठमोरा:
नाही रे बाबा.

माशेलची_मुलगी:
सगळ्यांचे किती आभार मानू. चित्र आतल्या खोलीत खाटेवर आडवं ठेवलंय, वर मच्छरदाणी लावलीये मांजरासाठी. लंडनला नोटरीची_नात यांची पोस्ट पाठवली, उत्तर आलं की 'मी गंमत करत होतो'. जमाखर्चाच्या वह्या आहेत, दोन पेट्या, वाळवीने वरच्या खाल्ल्यात पण खालच्या चांगल्या आहेत, मोडी मला येत नाही तेव्हा मोडीवालीताई मी तुम्हाला पर्सनल मेसेज करते.

एकच शेवटचं. काका म्हणतात ती ल्यूकोप्लास्टची पट्टी काढून बघू, तिच्याखाली कॅनव्हासवर नाव लिहिलेलं असू शकतं, म्हणूनच कुणीतरी मुद्दाम झाकलंय. गरम पाण्याचं फडकं लावलं की सुटेल ना?

पाठमोरा:
अजिबात नाही!! गरम पाणी तर नाहीच नाही. तिथं कॅनव्हास फाटलाय म्हणून पट्टी लावलीये, पुढून बघा, उपरण्याच्या वर बारीक रेघ दिसतेय ती तीच. ओढलीत की धाग्यांबरोबर पुढचा रंग पण येणार. काकांना नाव बघायचंच असेल तर एकाने चित्र उभं दोन्ही हातांनी धरा, दुसऱ्याने पुढच्या बाजूने जोरदार टॉर्च लावा, गरम होणारा बल्ब नको, एलईडीचा, आणि तिसऱ्याने मागून फोटो काढा. पट्टीखाली शाई असली तर सावली दिसेल. दिसली तर इथं टाका, नाही दिसली तर पट्टी आहे तशी राहू द्या, ती सोडवायला सुरीपेक्षा धीर जास्त लागतो आणि तो काकांकडे असेल असं आत्तापर्यंतच्या वर्णनावरून वाटत नाही.